मातीत राहिलेलं इष्टलिंग

घाटनांदूरच्या बाजारात अजूनबी एखादा बोलून जातो, "बसप्पा वाण्याच्या पोरानं एका दगडापायी जीव घालवला." माझ्या कानावर आलं की मी दुकानातून उठून बाहेर येते. एकदा तर किलोचं माप हातातच व्हतं. म्हणलं, "दगड कुणाला म्हणतो रे? तुझ्या टाळक्यात हाय त्याला?" त्यो गडी तेलाची बाटली तशीच सोडून पळाला. लोक म्हणतात, ईश्वरी लई तोंडाळ हाय. हाय बाबा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण नीट बसून ऐकणार असाल तर सांगते. त्यो दगड नव्हता, आन् माझा भाऊबी येडा नव्हता.

बसप्पा म्हंजी आमचे अप्पा. बाजारपेठेत किराण्याचं दुकान त्यांचं, आता मी चालवते. शिवम्मा म्हंजी आमची आई, तिला आमी अव्वा म्हणायचो. श्रीशैल माझ्या पाठचा. आमी लिंगायत. आमच्यात लेकरू जन्मलं की जंगम स्वामी घरी येतो आन् त्या एवढ्याशा जिवाच्या गळ्यात इष्टलिंग बांधतो. जांभळाएवढं असतंय, काळं, गुळगुळीत, चांदीच्या डबीत घातलेलं. ते मरंस्तवर अंगावरून उतरवायचं न्हाई. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, इभूत लावायची, बेल वाहायचा, मगच पाण्याचा घोट घ्यायचा. आन् मेल्यावर आमी जाळत न्हाई. मांडी घालून मातीत बसवतो आन् तेच लिंग हातात देतो.

श्रीशैल सात-आठ वर्षांचा असताना आमी कपिलधारच्या जत्रेला गेलतो. धबधब्याखाली पोरं नाचत व्हती. त्या दंग्यात ह्याच्या गळ्यातला दोरा सुटला आन् लिंग डबीसकट डोहात गेलं. अव्वा नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली. अप्पा काठावरून वरडत व्हते, "अगं बाहेर ये, स्वामीकडून दुसरं बांधून घेऊ." अव्वा म्हणली, "दुसरं कावून? ह्याचं ह्येच." सकाळची दुपार झाली. पोरगं पाणी पाणी करून रडायला लागलं. मी तांब्या भरला, तशी अव्वा पाण्यातूनच माझ्यावर खेकसली, "लिंग गळ्यात येस्तवर थेंब न्हाई द्यायचा. श्रीशैल, रड, पण पिऊ नको." जत्रेतली माणसं हसत व्हती. शेवटी दोन दगडांच्या खाचेत तिच्या बोटांना डबी लागली. तिनं आदी लिंग बांधलं, मग आपल्याच ओंजळीनं त्याला पाणी पाजलं. त्यो लिंगाला घट्ट धरून झोपला त्या राती. ती गोष्ट त्याच्या हाडात मुरली, एवढं ध्यानात ठेवा.

अठरावं लागलं आन् पोरगं खडकीला जाऊन फौजेत भरती झालं. सुरुंग पेरायचे, सुरुंग काढायचे, पूल बांधायचे, असलं काम. आमच्या घरात कुणी बंदूक पाहिली नव्हती. अप्पा म्हणले, वाण्याचं पोर गूळ-शेंगदाणे तोलायचं सोडून हे काय? पण त्याला तिथं गोडी लागली. तिथंच त्याला पाशा भेटला, बीडचा, मेकॅनिकाच्या घरातला. दोघं एका ताटात जेवायचे, श्रीशैल निस्ता वरण-भात आन् पाशा त्याला चिडवायचा, "बे वाण्या, दुनियेत खाण्यासारखं अजून बी काय काय हाय."

मग शांतीसेना म्हणून त्यांना श्रीलंकेला धाडलं. तिथं ह्यांचा तिसरा जोडीदार, तलवाड्याचा सुग्रीव, एका पायवाटेवर सुरुंगावर गेला. त्याच्या घरी जाऊन सांगायचं काम श्रीशैलला करावं लागलं. त्या दिवशी परत आल्यावर अप्पांच्या गादीवर बसून घळाघळा रडला. म्हणला, "अक्का, लढाई थांबती, माणसं घरी जातात, पण ते जमिनीतलं तसंच वाट बघत बसतंय. त्याला कोण सांगणार लढाई थांबली म्हणून?" मला तवा काय कळणार. मी त्याला चहा दिला.

पुढं त्याचं लगीन झालं, रोहिणी आली. लेकरूबाळ झालं न्हाई. अप्पा गेले, दुकान माझ्याकडं आलं. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनीत निघाला तवा सगळीकडं नव्या कंपन्यांचं वारं व्हतं. पुण्याला काँप्युटरच्या एका कंपनीत वॉचमन झाला. निळा डगला, शिट्टी, आन् दिवसभर मोटारीला सलाम. मी एकदा गेलते तिथं. फाटकावर माझा भाऊ उभा, आन् काल मिशी फुटलेली पोरं त्याच्याकडं न बघता आत चाललेली. मला असा संताप आला! त्यो हसला. म्हणला, "अक्का, सलाम फुकट हाय, जाऊ दे." पण जीव रमत नव्हता त्याचा, दिसत व्हतं.

तितक्यात पाशाचा फोन आला. श्रीलंकेत तह झाला व्हता. फौजेतल्या रिटायर साहेबांनी दिल्लीला एक संस्था काढली व्हती, आन् आपले जुने जवान घेऊन तिथं सुरुंग काढायला चालले व्हते. युरोपातलं एक सरकार यंत्रं आन् ॲम्ब्युलन्स देणार व्हतं. आन् ज्या गावात ह्यांना काम मिळालं त्या गावचे लोक लढाईपायी कवाच कॅनडाला, लंडनला पळालेले. तिथं टॅक्सी चालवतात, हाटेलात भांडी घासतात, पण महिन्याच्या महिन्याला एका घरात जमतात आन् गावासाठी पैका काढून ठेवतात. तळं पयलं मोकळं करा, मग शाळा, मग देऊळ, हे सगळं त्यांनी तिकडं बसून ठरवलेलं. देऊळ कुणाचं? महादेवाचं! श्रीशैल मला म्हणला, "बघ अक्का, मला बोलावणं आलं ते बी कुणाकडून."

रोहिणीनं अबोला धरला. मी तर थयथयाट केला. म्हणलं, "एक सुग्रीव गेला ते पुरं न्हाई का? परक्या मुलखातलं काढून तुला काय मेडल भेटणार?" अव्वा मातूर शांत बसली व्हती. म्हणली, "लोकाच्या वाटेतला काटा काढायला चालला, त्याला अडवू नका. एकच ऐक माझं. लिंग अंगावरून उतरवू नको."

आन् तिथंच पेच पडला. पयल्या रजेला आला तवा मान खाली घालून अव्वापुढं बसला. त्या कामात अंगावर धातू चालत न्हाई. हातातल्या यंत्राला जमिनीतला खिळाबी कळतो, मग त्याला घड्याळ, अंगठी, कडं काय जवळ येऊ देत न्हाईत. चांदीची डबी साहेबानं काढून ठेवायला लावली व्हती. त्यो रोज कामावर जाताना लिंग तंबूत ठेवायचा आन् सांजपर्यंत उपाशी-तान्हेला राबायचा. वाळलेला पार. अव्वानं सगळं ऐकलं आन् उठली. आपल्या इरकली लुगड्याचा काठ फाडला, त्याची बोटभर पिशवी शिवली, सुती दोरा वळला. चांदीच्या डबीतलं लिंग काढून त्या पिशवीत घातलं आन् आपल्या हातानं त्याच्या गळ्यात बांधलं. डबी देवळीत ठेवली. श्रीशैल लेकरासारखा हसला. म्हणला, "अव्वा, तू फौजेत असतीस तर कर्नल झाली असतीस." त्या रजेत त्यो पोटभर जेवला.

दुसऱ्या रजेला आला तवा त्याचं तोंड बंद व्हईना. गुडघ्यावर बसून वीत-वीत जमीन तपासायची, यंत्र वाजलं की सळईनं तिरपं टोचत जायचं, लाल खुंट्या ठोकत पुढं सरकायचं. तळं मोकळं झालं त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या घागरी घेऊन आल्या आन् ह्याच्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. कॅनडाची एक मास्तरीणबाई आलती तिथं, त्याच गावची, नाव योगेश्वरी. आमच्या अंबाजोगाईच्या देवीचंच नाव! त्यानं तिला तसं सांगितलं, तर ती म्हणे रडायलाच लागली. ती देवळाकडं बोट करून म्हणली, माझं लगीन तिथं ठरलं व्हतं, आन् ठरलं ते ठरलंच राहिलं. आता शाळेची जागा आन् देवळाची वाट बाकी व्हती. देवळाची वाट ह्याच्या आन् पाशाच्या टोळीकडं आली.

शेजारच्या बद्रीनाथच्या एस.टी.डी.वर फोन आला तवा मी साखर बांधत व्हते. बद्रीनाथ पळत आला. मला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं, श्रीशैल गेला. पुडा कुठं पडला न् मी कुठं.

पेटी हैदराबादपर्यंत इमानानं आन् तिथून गाडीनं आली. संगं पाशा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रोहिणीनं पेटीवर डोकं आपटून घेतलं, तिला चौघी बायकांनी धरलं. अव्वा रडली न्हाई. राजेश्वर स्वामी, आमच्या गावचे जंगम, इधी करायला बसले आन् त्यांनी इचारलं, "लिंग?"

पाशानं मान खाली घातली.

अव्वा म्हणली, "पाशा, लिंग कुठं हाय?"

त्यो तिच्या पायापाशी बसला आन् सांगायला लागला. लई उकाडा व्हता, जाड जाकिटाखाली घामाच्या धारा. दोरा घामानं कुजला व्हता, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. चहाच्या टायमाला विसाव्याच्या जागेवर येऊन श्रीशैलनं जाकीट काढलं आन् झटकलं, तशी ती पिशवी उडून, तपासलेल्या जागेच्या कडंला लावतात त्या पट्टीच्या पल्याड पडली. पल्याडची जमीन तपासायची राहिली व्हती. "दिसत व्हती, अव्वा. दोन हातांवर. मी म्हणलं, बे थांब, रीतीनं वाट काढत जाऊ, सांजपर्यंत हातात येईल. त्यो म्हणला, सांजपर्यंत माझं लिंग मातीत पडू देऊ का बे? म्हणलं, थांब तू, मी यंत्र आणतो. मी पाठ वळवली, अव्वा. माझी पाठ वळली तेवढ्यात त्यानं एक पाय पल्याड टेकला आन् हात लांब केला." धडाका झाला, आन् त्यात ती पिशवी कुठं उडाली कुणालाच दिसली न्हाई.

आयुष्यभर जमिनीतलं काढणारा माणूस. दुसऱ्यांना शिकवायचा, पट्टीच्या पल्याड सोनं पडलं तरी बघायचं न्हाई म्हणून. सोनं असतं तर त्यानं बघितलंबी नसतं.

अव्वानं एकच इचारलं, "त्या टायमाला पाणी पिला व्हता का रे त्यो?"

"न्हाई," पाशा म्हणला. "बाटली भरलेली तशीच व्हती."

तवा अव्वा वरडली. तसलं वरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायची ताकद न्हाई. "म्याच शिकवलं गं बाई! म्याच त्याला रड म्हणलं, पण पिऊ नको म्हणलं!"

मातीच्या वेळी भावकीत कुजबूज सुरू झाली. पेटीतलं मढं, इतक्या दिवसांचं, एक पाय मांडीपासून न्हाई, बसवायचं कसं? आडवंच ठेवा म्हणले. अव्वा म्हणली, "बसवा." बसवलं. ज्या बाजूला पाय नव्हता तिथं इभूतीच्या पिशव्या रचल्या. मग तिनं आपल्या गळ्यात हात घातला. स्वामी म्हणले, "शिवम्मा, हे करू नको, मी त्याला नवं देतो." तिनं ऐकलंच न्हाई. स्वतःचं लिंग काढून लेकाच्या तळहातावर ठेवलं आन् त्याची बोटं मिटली. ती बोटं मिटत नव्हती, दाबून धरावी लागली.

घरी आल्यावर स्वामी तिच्यासाठी दुसरं लिंग घेऊन आले. तिनं हात जोडले. "मला आता त्याचंच. ते आलं की बांधून घेईन. तवर घास न्हाई."

आता बोला! मी म्हणलं, दोन दिवस धरील हट्ट, मग भुकेनं सोडील. मला माझी आई कळली नव्हती. ताकाचं पाणी आन् केळं, तेबी स्वामीनं शपथ घातली म्हणून. रोहिणी रोज भाकर, आमटी, भात वाढून ताट तिच्यापुढं ठेवायची आन् तसंच उचलायची. एक दिवस मी ताट घेऊन बसले, म्हणलं, "एक पोर घालवलं, आता दुसरीला बी पोरकं करतीस का? मी काय उकिरड्यावर सापडले व्हते?" अव्वा माझ्या गालावरून हात फिरवून म्हणली, "तुझ्या गळ्यात हाय ना गं तुझं? मग तुझी फिकीर न्हाई मला." मी ताट भिंतीवर फेकलं. भात भिंतीला चिकटला, त्यो रोहिणीनं पुसला. मग आमी दोघी सैपाकघरात गळ्यात गळा घालून रडलो. डॉक्टर म्हणला, वय झालंय, असंच चाललं तर दिवाळीबी बघणार न्हाई म्हातारी.

म्हंजी लिंग सापडलं तर आई वाचणार, न्हाई तर न्हाई. एवढा साधा हिशेब.

मी दिल्लीला फोन लावला. संस्थेतला साहेब हिंदीत म्हणला, "मॅडम, ऍक्सिडेंट झाला की ती जागा बंद करावी लागते, चौकशी होते, शाळेचं काम पुढं घेतलंय, ती वाट आता पुढच्या वर्षी." मी म्हणलं, माझ्या आईनं जेवण सोडलंय. त्यो म्हणला, प्रोसिजर हाय. मी तिथंच, बद्रीनाथच्या काचेच्या खोक्यात उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. बाहेर लोक गोळा झाले. बिचाऱ्याची चूक नव्हती, मला माहीत हाय. शाळेत लेकरं येतात, शाळा आदी मोकळी व्हायला पाहिजे, हे काय मला कळत न्हाई? पण कळून काय करू, आई माझी व्हती.

पाशा माघारी गेलता कामावर. त्यानं मला फोनवर सांगितलं, "अक्का, खरी अडचण येगळीच हाय. यंत्राला लिंग कळतच न्हाई. निस्ता दगड आन् कापड. चांदीची डबी असती तर एका झटक्यात वाजलं असतं. आता हातानं चाळल्याबिगर इलाज न्हाई." मी फोन ठेवून घरी आले आन् देवळीतल्या त्या डबीकडं बघितलं. चकचकीत, रिकामी. सुरुंगाच्या यंत्राला कळू नये म्हणून जी काढली, ती असती तर लिंग कळलं असतं. मला वाटलं, उचलून आडात टाकावी. पण अव्वा रोज ती पुसत व्हती.

पाशानं मग योगेश्वरीबाईला सांगितलं. तिनं कॅनडाला फोन केले, तिकडून लंडनला गेले. देवळाला रंग द्यायचा, मोठा उत्सव करायचा म्हणून ह्या लोकांनी पैका जमवला व्हता. तिनं सांगितलं, रंग राहू द्या. आपल्या महादेवाच्या वाटेवर एका आईचा महादेव हरवलाय, ती तिकडं उपाशी बसलीय, आदी ती वाट. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. शाळेचं काम थांबवायचं न्हाई, दुसरी टोळी उभी करायची, असं ठरलं. दिल्लीच्या साहेबांनीबी मग मान डोलवली.

त्या बाईला अव्वाशी बोलायचं व्हतं. अव्वाला मी आन् रोहिणीनं धरून एस.टी.डी.वर नेलं. लई हलकी झालती, पिसासारखी. पलीकडं योगेश्वरीबाई, संगं पाशा, त्याला मोडकीतोडकी तमिळ येते. ती फोनवर म्हणली, "अम्मा, साप्टिंगळा?" अव्वा माझ्याकडं बघायला लागली. पाशा म्हणला, "अव्वा, ती इचारती, जेवलीस का? त्यांच्यात कुणीबी भेटलं की आदी हेच इचारतात." अव्वानं फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणली, "तिला सांग, अजून न्हाई. आन् तिला म्हणावं, तू जेव." तिकडं ती बाई हुंदके द्यायला लागली, ते मला बाहेरूनबी ऐकू आलं.

मग वाट बघणं. पाशा आन् त्याची माणसं वीत-वीत माती उकरत व्हती. आदी यंत्र, मग सळई, मग ती माती चाळणीतनं चाळायची, मग म्होरं. त्या एवढ्याशा तुकड्यात अजून दोन सुरुंग निघाले, असं पाशानं मागनं सांगितलं. फोन आला की मी तराजू तसाच टाकून पळायचे. "आज न्हाई, अक्का." दर वेळी तेच. अव्वा उठेनाशी झाली. डोळे मातूर दाराकडं.

मग एक दिवस फोन आला आन् पाशा निस्ता रडायला लागला. मी म्हणलं, "मेल्या, बोल की!" तवा त्यानं सांगितलं. ताडाच्या मुळीला अडकलेलं सापडलं. पिशवी जळाली व्हती, इरकलीच्या काठाचा चार बोटं तुकडा तेवढा चिकटून व्हता. मग दबक्या आवाजात म्हणला, "अक्का, मी हात लावू का त्याला? तुमच्यात चालतं का?"

"गप बे," मी म्हणलं. "तू मातीतनं काढलंस तर तूच आणणार. खाली ठेवू नको, गळ्यात बांध."

त्यानं खरंच बांधलं. नव्या कापडात, सदऱ्याच्या आत. कोलंबोहून घाटनांदूरपर्यंत बीडचा पाशा इष्टलिंग घालून आला. इमानतळावर मशीन वाजलं न्हाई म्हणला. आन् मी न इचारता सांगितलं त्यानं, वाटेत पाणी पिण्याआदी दर वेळी छातीवर हात ठेवला म्हणून.

अव्वाला आंघोळ घातली, इभूत लावली, भिंतीला टेकवून बसवली. राजेश्वर स्वामी आले. पाशानं गळ्यातून काढून कापड उलगडलं. स्वामींचं तोंड उतरलं. लिंगाचा एक कपरा उडाला व्हता, नखाएवढा, आतला पांढरट दगड दिसत व्हता. आमच्यात भंगलेलं लिंग पुजत न्हाईत. स्वामींनी वाकून ते बघितलं. मग हळूच म्हणले, "शिवम्मा, हे भिन्न झालंय. ह्याला आता पाण्यात सोडावं लागतंय. मी तुला..."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार व्हते, पण अव्वानंच हात वर केला. आवाज अगदी बारीक, पण घरात सगळ्यांना ऐकू आला.

"स्वामी, माझं लेकरू सगळं आलतं का माझ्याकडं? त्याला मातीनं न्हाई म्हणलं का? तुमीच बसवलंत त्याला. मग ह्याला मी कशी न्हाई म्हणू?"

स्वामींनी लिंग उचलून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आन् स्वतःच पाणी सोडलं. अव्वानं अंगठ्यानं कपरा उडालेली जागा चाचपली, जसं पडलेल्या लेकराचं ढोपर चाचपतात. मग देवळीतली चांदीची डबी मागितली. त्यात घालून मी तिच्या गळ्यात बांधलं. रोहिणीनं दुधात भाकर कुस्करून आणली. तिनं चार घास खाल्ले. पाचवा पाशाला भरवला. त्यो लेकरासारखा हमसून हमसून रडत खात व्हता.

अव्वा वाचली म्हणून मी देवाला नारळ फोडला. पण शरीर आतून पार वाळलं व्हतं. उन्हाळा काढला तिनं, पाऊस लागायच्या आत गेली. रोज पूजा केली, रोज जेवली, मरताना कुणावर राग नव्हता तिचा. तिकडं पुन्हा लढाई पेटायची चिन्हं दिसाया लागली, टोळ्या माघारी आल्या, पाशानं बीडला गॅरेज टाकलं. देवळाची वाट तेवढी मोकळी झाली व्हती. योगेश्वरीबाईचा अजून कवा कवा फोन येतो. ती म्हणती, "साप्टिंगळा?" मी म्हणते, हो बाई, जेवले.

अव्वाला श्रीशैलच्या शेजारी बसवलं. त्याच स्वामींनी तिच्या गळ्यातली डबी उघडली, ते कपरा उडालेलं लिंग काढलं आन् तिच्या तळहातावर ठेवलं. भावकीतला कुणी एक म्हणला, भिन्न लिंग देताय? स्वामींनी त्याच्याकडं वळूनबी बघितलं न्हाई. शेजारी मातीखाली माझ्या भावाच्या मुठीत तिचं हाय, आन् तिच्या मुठीत त्याचं. मीच बोटं मिटवली तिची. ह्या वेळी जोर लावावा लागला न्हाई.